आधी ऊब, मग पोट

आमच्या आत्याबाई गारठलेल्या कोकराला कधीच लगेच दूध पाजत नाहीत. आधी त्याच्या तोंडात करंगळी घालतात. तोंड कोमट लागलं आणि कोकरानं बोट चोखलं तरच त्याला आईच्या कासेला लावतात. तोंड गार लागलं की कोकरू थेट घोंगडीत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, एवढं भुकेलं लेकरू, त्याला दूध द्यायचं सोडून या बोट काय घालत बसल्यात! एकदा त्या घरी नसताना मी गार कोकराला बाटलीनं दूध पाजलं. दूध पोटात जिरलं नाही, थोडं छातीत गेलं, आणि संध्याकाळपर्यंत कोकरू गेलं. त्याला चोखायचीच ताकद नव्हती, मी नुसतं घशात ओतत होते.

माण तालुक्यात, दहिवडीकडच्या माळावर आमचं घर आहे. चौदा मेंढ्या, एक मेंढा, आणि वर्षातून एकदा कोंबडीच्या पन्नास पिल्लांची एक खेप. पिल्लू असो की कोकरू, मला एकच सांगायचंय: पहिले दहा दिवस ऊब सांभाळा. खाणंपिणं त्याच्या मागून येतं.

कोकरांपासून सुरू करते, कारण आमच्याकडं तीच आधी येतात. पावसाच्या तोंडावर मेंढ्या फळल्या तर पाच महिन्यांनी, म्हणजे ऐन थंडीत व्यायला होतात. दिवस भरत आले की मेंढीची कास ताठते, ती कळपातून बाजूला होते, पायानं जमीन उकरते. अशा मेंढीला रात्री वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, इतरांबरोबर ठेवू नका. वाऱ्याचा आडोसा असलेल्या कोपऱ्यात, ज्वारीच्या कोरड्या बाटकाच्या अंथरुणावर वेगळी बांधा. पुढचे दोन पाय आणि त्यावर टेकलेलं नाक दिसलं की बहुतेक काम मेंढी स्वतः करते. एकच पाय दिसतोय, नुसतं डोकं दिसतंय किंवा तासभर कळा देऊनही काही पुढं सरकत नाही, तर ओढाताण न करता डॉक्टरांना बोलवा.

कोकरू पडलं की नाकातोंडातला चिकटा बोटानं काढायचा आणि ते मेंढीच्या तोंडापुढं ठेवायचं. ती चाटते तेव्हा कोकरू कोरडं होतं, त्याचं रक्त खेळायला लागतं आणि तिला त्याचा वास कळतो. ही चाटाचाट अर्धवट राहिली तर पुढं ती त्याला ओळखत नाही, म्हणून आपण फार पुढं पुढं करायचं नाही. जोराचं वारं असेल तरच गोणपाटानं चोळून मदत करायची. मग नाळ. लोंबत असेल तर पोटापासून दोन-तीन इंचांवर स्वच्छ दोऱ्यानं बांधून खाली कापायची आणि लहान वाटीत टिंक्चर आयोडीन घेऊन पूर्ण नाळ त्यात बुडवायची. नुसता बोळा फिरवून भागत नाही. नाळेतून आत गेलेली घाण पुढं सांध्यात उतरते आणि पंधरा दिवसांचं कोकरू लंगडायला लागतं.

आता चीक, म्हणजे व्याल्यावरचं पहिलं घट्ट दूध. मेंढीच्या पोटात असताना कोकराला आईकडून रोगाशी लढायची शक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि आतडं ती शक्ती जेमतेम पहिला दिवसभरच शोषून घेतं, तेही सुरुवातीच्या तासांत सगळ्यात जास्त. म्हणून तासा-दोन तासांच्या आत चीक पोटात जायला हवा. दोन्ही सडांतून आधी एकेक धार काढून टाका. सडाच्या तोंडाशी मेणासारखा बुचा असतो. तो निघाला नाही तर कोकरू नुसतं चोखत राहतं आणि पोट रिकामंच. पहिल्या दिवसभरात कोकराच्या वजनाच्या निदान दहाव्या भागाइतका चीक जायला हवा. आमची कोकरं अडीच-तीन किलोची असतात, म्हणजे पाव लिटरच्या वर, तेही चार-पाच वेळा थोडं थोडं करून.

एखाद्या मेंढीला भरपूर चीक असेल तर मी कोकराचं पोट भरल्यावर उरलेला पिळून लहान बाटल्यांत भरते आणि फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवते. जुळ्यांपैकी एक कमजोर निघालं, एखादी मेंढी दगावली तर हाच चीक जीव वाचवतो. गरम करताना मात्र बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करायची. चीक चुलीवर चढवला की त्याचा खरवस होतो. माणसांना गोड लागेल, कोकराच्या कामाचं त्यात काही उरत नाही.

जुळ्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगते. आपली दख्खनी मेंढी बहुतेक एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या मेंढ्यांत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. आमचा मेंढा त्या रक्ताचा आहे, त्यामुळं त्याच्या लेकी आता जुळी देतात. पण जुळं म्हणजे दुप्पट फायदा असं धरून चालू नका. दोन्ही कोकरं लहान असतात, लवकर गारठतात आणि त्यातलं एक हमखास मागं ढकललं जातं. घरात रात्री उठणारं माणूस असेल तरच जुळ्यांच्या मागं लागा.

गारठलेलं कोकरू कसं सावरायचं? कोरडं पुसायचं, घोंगडीत गुंडाळायचं, गरम पाण्याच्या दोन बाटल्या फडक्यात लपेटून दोन्ही कुशींना लावायच्या. चुलीच्या फार जवळ नको, लोकर होरपळते. दर दहा मिनिटांनी करंगळीनं तोंड बघायचं. तोंडात ऊब आली, मान वर धरली, बोट ओढायला लागलं की मग चीक. अर्ध्या तासात मान उचलत नसेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

बाटलीनं पाजायचं कोकरू चारी पायांवर उभं करा. मांडीवर उताणं घेतलं की दूध फुफ्फुसात जातं. बाटली तिरकी, कोकराची मान सरळ, आईच्या कासेला असताना असते तेवढीच वर. चीक झाल्यावर आम्ही शेळीचं दूध वापरतो, मनगटाच्या आतल्या बाजूला कोमट लागेल एवढं. पहिल्या आठवड्यात दिवसातून पाच वेळा, त्यात एक पाळी रात्रीची. दुसऱ्या आठवड्यात चार, मग तीन. पोट तडीला लागेपर्यंत पाजू नका. कोकरानं अजून मागावं, तिथंच थांबायचं. बाटली आणि निपल दर वेळी गरम पाण्यानं धुवायचं. हगवणीचं निम्मं कारण त्या निपलातच असतं.

आईनं कोकराला अंगावर घेतलं नाही तर? तिला कोपऱ्यात धरून दोन-तीन दिवस दर पाळीला पाजून घ्या. पोरक्या कोकराला दुसरी आई द्यायची असेल तर ती व्यायला लागली तेव्हाचं पाणी आणि चिकटा त्याच्या पाठीला, शेपटीला नीट चोळा. मेंढी शेपटीखाली हुंगूनच ओळखते. दोन वर्षांपूर्वी आमच्या काळकी मेंढीचं कोकरू मेलेलं निघालं, आणि त्याच रात्री दुसऱ्या मेंढीला जुळं झालं. आत्याबाई म्हणाल्या, “बाळे, ते धाकटं आण हिकडं. भिजव त्याला चांगलं.” भिजवलं, काळकीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, मागं सरली, परत हुंगलं. मग घशातल्या घशात बारीक आवाज काढला, जो मेंढी फक्त आपल्या पोरासाठी काढते, आणि चाटायला लागली. कंदील धरलेला माझा हात अवघडला होता, पण मी हलले नाही.

दोन आठवड्यांनी कोकरं पाल्याला तोंड लावतात. शेवरी, सुबाभूळ, लसूणघास यांच्या लहान जुड्या त्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगा. खाली टाकलेला पाला तुडवला जातो आणि लेंड्यांनी घाण झालेला पाला पोटात जंत नेतो. माती चाटत असतील तर क्षारांची चाटण वीट बांधा. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून, वजन करूनच द्या. आंत्रविषार, म्हणजे आतड्यातली विषबाधा, आणि पीपीआर, म्हणजे शेळ्यामेंढ्यांचा साथीचा रोग, यांच्या दोन लसी तीन-चार महिन्यांच्या पुढं चुकवू नका.

महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघाली की मी पिल्लं आणते. एका दिवसाची पिल्लं घेताना नाभी सुकलेली, पाय ताठ, डोळे चमकदार आहेत ना ते बघा. आणायच्या आदल्या दिवशीच जागा तयार हवी. पत्र्याचा दीड फूट उंचीचा पट्टा गोल वळवून कडं करायचं, पन्नास पिल्लांना चार फूट व्यासाचं पुरतं. गोलच, कारण चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली दोन इंच भाताचं तूस किंवा भुईमुगाची कोरडी टरफलं, वर पहिले तीन दिवस गोणपाट. पुष्कळजण कागद अंथरतात, पण गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. गोणपाटावर नखं रुततात.

पन्नास पिल्लांना साठ वॅटचे दोन पिवळे बल्ब. दुकानदार आता एलईडीच पुढं करतो. त्याचा उजेड पडतो, ऊब नाही. जुना तारेचा बल्ब मागून घ्या. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. तापमापक असेल तर बरंच, पण पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवाट करत असतील तर गारठलीत, बल्ब खाली घ्या. कड्याला टेकून चोची उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळीकडं विखुरलेली, काही खातायत, काही मान टाकून झोपलीत, असं दिसलं की तुम्हीही झोपायला जा. आमच्याकडं मार्चच्या दुपारी बल्ब लागतच नाही, पहाटे मात्र लागतो.

पहाटे वीज गेली तर? पूर्वी आम्ही मडक्यात निखारे ठेवायचो. बंद खोलीत निखाऱ्यांचा वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो, म्हणून सोडून दिलं. आता चार बाटल्यांत गरम पाणी भरून फडकी गुंडाळून कड्यात ठेवते आणि वरून निम्म्या भागावर गोणपाट टाकते. पिल्लं बाटल्यांना चिकटून बसतात.

पहिलं पाणी उकळून कोमट केलेलं, लिटरला मूठभर गूळ. प्रत्येक पिल्लाची चोच त्यात एकदा बुडवायची. एकदा कळलं की ती स्वतः पितात. पाण्याच्या ताटलीत खडे ठेवा, नाहीतर पिल्लू आत पडून भिजतं आणि भिजलेलं पिल्लू टिकत नाही. दोन-तीन तास पाणी पिऊ द्या, मग मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचं खाद्य. शेपटीखाली विष्ठा चिकटून बुजलं असेल तर कोमट पाण्याच्या कापसानं पुसा, ओढून काढू नका. अंथरूण भिजलं तर त्याच दिवशी बदला. ओलीतूनच रक्ती हगवण येते.

मानमोडीनं, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगानं, गावंच्या गावं रिकामी होतात. पाचव्या ते सातव्या दिवशी त्यावरच्या लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, पुढं देवीची लस आणि आठव्या आठवड्यात मानमोडीचं इंजेक्शन. लसीची कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते आणि फोडल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही चार घरं एकाच दिवशी पिल्लं आणतो. कुपी बर्फाच्या थर्मासात, काम सकाळी उन्हाआधी.

खुडूक कोंबडी असेल तर बल्बची यातायातच नको. रात्री बॅटरीवर फडकं धरून, तिच्या पोटाखालचं एक अंडं काढायचं आणि एक पिल्लू सरकवायचं. दहा-बारा पिल्लं एक कोंबडी सांभाळते. पिल्लं एक-दोन दिवसांचीच हवीत आणि काम अंधारातच. सकाळी ती पिल्लांना चोची मारत नाही ना, तेवढं बघा.

पिल्लं आणि कोकरं एकाच परड्यात वाढत असतील तर एक गोष्ट माझ्याकडून ऐका. तीन वर्षांपूर्वी पिल्लांच्या खाद्याचं पोतं मी उघडं ठेवलं. अडीच महिन्यांचं आमचं सगळ्यात भरलेलं कोकरू रात्री दावं तोडून त्यावर पडलं. सकाळी पोट फुगून, मान मागं टाकून मेलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, एकदम एवढं धान्य गेलं की आतड्यातले जंतू वाढून विष तयार होतं, हाच आंत्रविषार. शिवाय कोंबडीखाद्यात तांबं जास्त असतं, ते मेंढीला थोडं थोडं साठूनही मारतं. तेव्हापासून खाद्य झाकणाच्या पिंपात, आणि पिल्लांची भांडी जाळीच्या पिंजऱ्यात. त्याला अशी फट ठेवलीय की पिल्लू आत जाईल, कोकराचं तोंड जाणार नाही. पिल्लांच्या खुराड्याची जाळी मात्र अर्ध्या इंचाचीच घ्या. मुंगूस, चिचुंद्री आणि साप मोठ्या भोकातून सहज येतात.

सहा आठवड्यांनी पिल्लांना पूर्ण पिसं येतात, तेव्हा दुपारी दोन तास बाहेर सोडायला लागा. घारीपासून वाचावीत म्हणून शेवरीखाली किंवा जुन्या साडीच्या मांडवाखाली. मेंढ्यांच्या वाड्यात ती गोचीड टिपतात, तेवढं कामही होतं.

कोकरं तीन महिन्यांची झाली की आईच्या दुधापासून तोडायची. एका दिवसात नाही. आधी आठवडाभर फक्त रात्री वेगळी, मग दिवसाही. आईचं खाद्य त्याच आठवड्यात कमी करा म्हणजे दूध आटतं आणि कास दगडावत नाही. दोन रात्री दोन्हीकडून ओरडा चालतो. तिसऱ्या दिवशी मी कास हातानं चाचपते. गरम किंवा घट्ट लागली तर थोडी पिळते, मऊ लागली तर मेंढी परत कळपात सोडते.