वीकेंडला चार लीग मॅचेस आणि दीड कीपर: हॉकी क्लबचा शनिवार-रविवार कसा निभवायचा

शुक्रवारी रात्री पावणेअकराला फोन वाजतो, स्क्रीनवर कीपरचं नाव असतं आणि उचलायच्या आधीच कळतं की उद्याचं गणित बोंबललं. फॉरवर्ड लोक मेसेज टाकतात, 'उद्या नाही जमणार रे', खाली रडका इमोजी, विषय संपला. कीपर मात्र फोन करतो, कारण आपण नसलो की काय होतं हे त्याला पक्कं माहीत असतं. क्लबच्या मॅचेस लावायचं काम माझ्याकडे चार सीझन आहे (कुणी घेईना म्हणून गळ्यात पडलं, मी काही मागायला गेलो नव्हतो) आणि त्यातून एक गोष्ट शिकलो ती अशी की टीम लावताना स्ट्रायकरपासून सुरुवात करायचीच नाही. जे माणूस कमी मिळतं ते आधी. म्हणजे पहिला कीपर, मग अंपायर, मग मैदानाची वेळ आणि राहिलेले दहा-बारा जण सगळ्यात शेवटी. बहुतेक कॅप्टन नेमके उलटे जातात, मस्त फॉर्मेशन काढतात, ग्रुपवर फोटो टाकतात आणि शनिवारी सकाळी विचारतात की पॅड कोणाकडे आहेत.

तर आधी कीपर. आपल्या चार टीम असतील तर धडधाकट, पूर्णवेळ असे चार कीपर कुठल्याच लोकल क्लबकडे नसतात, दोन असले तरी नशीब. फिक्स्चर (मॅचेसचं वेळापत्रक) आलं की पहिल्यांदा फक्त एवढंच बघायचं की कुठल्या दोन मॅचेस एकाच वेळी आहेत, कारण तिथेच घोडं अडतं. एकच कीपर सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन मॅचेस उभा राहू शकतो, लीगच्या नियमात बसत असेल तर, पण मधे किमान दीड-दोन तास हवेत, नाहीतर दुसऱ्या मॅचच्या शेवटच्या क्वार्टरला तो डाइव्ह मारायचा विचारसुद्धा करत नाही, नुसता पाय पुढे करतो. आणि किट एकच असेल तर ओलं किट दुसऱ्याला घालायला लागतं, तो वास मी इथे लिहून सांगू शकत नाही.

कीपर नाहीच मिळाला तर? जुने लोक म्हणतात, कुणालातरी हेल्मेट आणि वेगळ्या रंगाचा शर्ट घालून उभं करू, चालतं. आता नाही चालत. 2019 पासून नियम बदललाय, एकतर पूर्ण किट घातलेला कीपर (हेल्मेट, लेगगार्ड म्हणजे पायाचे पॅड आणि किकर म्हणजे बुटांवर चढवायचं जाड कवच, हे तर हवंच) नाहीतर अकराच्या अकरा साधे फील्ड प्लेअर. मधलं काही नाही. आणि साधे अकरा म्हणजे गोलसमोर उभ्या असलेल्यालाही पायाने बॉल अडवता येत नाही, डीमध्ये (गोलसमोरच्या अर्धगोलात) पायाला लागला तर पेनल्टी कॉर्नर (समोरच्यांनी गोलच्या बाजूच्या रेषेवरून बॉल आत ढकलायचा आणि गोलवर मारायचा, अडवायला आपले मोजकेच जण) आणि बॉल गोलमध्येच जाणार होता असं अंपायरला वाटलं तर थेट स्ट्रोक, म्हणजे एकाच खेळाडूने जवळून गोलवर मारायचा फटका. आम्ही एकदा असं खेळलो, पहिल्या वीस मिनिटांत कॉर्नर किती झाले ते मोजायचंच सोडून दिलं.

म्हणून सीझनच्या आधीच दोन फील्ड प्लेअर हेरून ठेवायचे, शक्यतो डिफेंडर, जे बॉलला घाबरत नाहीत आणि ज्यांना थोडी हौस आहे, आणि त्यांना प्रॅक्टिसला महिन्यातून एकदा वीस मिनिटं पॅड घालून उभं करायचं. सेव्ह शिकवायच्या नंतर, आधी किट घालायला शिकवा. हे हसण्यावारी नेऊ नका. नवीन माणूस लेगगार्ड उलटसुलट घालतो, बकल आतल्या बाजूला येतात आणि पळताना एकमेकांत अडकून तोंडावर पडतो. बकल बाहेरच्या बाजूला, पट्टे आवळून पण पोटरीला रग लागणार नाही इतपत, किकर पायाला घट्ट बसलाय का ते दोनदा पाय आपटून बघायचं, आणि ग्लोव्हज सगळ्यात शेवटी, कारण ते हातात गेले की हेल्मेटचा पट्टा स्वतःचा स्वतःला लावता येत नाही, कुणीतरी लावून द्यावा लागतो. सवय असलेला माणूस सात-आठ मिनिटांत तयार होतो, नवख्याला वीस धरा, आणि ती वीस मिनिटं वॉर्मअपच्या आधीची, वॉर्मअपमधली नाही. कीपरच्या शर्टचा रंग दोन्ही टीमपेक्षा वेगळा लागतो हेही आधीच बघा, सगळ्यांकडे काळा असतो आणि समोरची टीम नेमकी काळ्यात येते.

मग अंपायर. बऱ्याच लोकल लीगमध्ये प्रत्येक क्लबने एक-एक अंपायर द्यायचा असतो आणि दोघं मिळून मॅच सांभाळतात, आपापला अर्धा भाग ज्याने त्याने बघायचा, हाफटाइमला टीम बाजू बदलतात पण अंपायर आपल्याच बाजूला राहतात. अंपायर शोधताना सगळ्यांची एकच चूक होते, ज्याची मॅच आधी किंवा नंतर आहे त्यालाच शिट्टी देतात. आधी अंपायरिंग केलं की पाय गेलेले असतात, तासभर नुसतं पुढे-मागे पळून झालेलं असतं. नंतरचं ठेवलं तर अजून वाईट, मॅच हरल्यावर माणूस गायबच होतो आणि जिंकल्यावर त्याहून जास्त गायब होतो. माझा नियम साधा आहे, शनिवारच्या मॅचेसना रविवारच्या टीममधले अंपायर आणि रविवारी उलट. ज्याचा गुडघा धरलाय, जो सहा आठवडे खेळू शकत नाही पण मैदानावर आल्याशिवाय राहवत नाही, असा माणूस तर सोनं आहे, त्याला जपा, त्याच्याशी भांडू नका. एकच, की बऱ्यापैकी चालता-पळता येत असेल तरच, कारण उभ्या जागेवरून डीमधला पाय दिसत नाही आणि मग दोन्ही टीम त्याच्या अंगावर जातात.

अंपायरला आदल्या दिवशी मेसेज करून भागत नाही, फोन करा आणि त्याच्या तोंडून वेळ वदवून घ्या. 'साडेनऊला पुशबॅक, तू नऊला' असं (पुशबॅक म्हणजे मॅचची सुरुवात). शिट्टी, कार्डं, स्टॉपवॉच आणि दोन्ही टीमच्या रंगापेक्षा वेगळा शर्ट, हे त्याच्याकडे आहे असं गृहीत धरू नका, एक जादा शिट्टी माझ्या बॅगेत कायम असते.

मैदानाच्या वेळेचं गणित थोडक्यात सांगतो. नियमपुस्तकाप्रमाणे 15 मिनिटांचे चार क्वार्टर, पहिल्या आणि तिसऱ्यानंतर 2 मिनिटं, हाफटाइम 5 मिनिटं, म्हणजे कागदावर 69. काही लीग अजून 35-35 चे दोन हाफ खेळतात, ते कागदावरच 75. त्यात कुणाला लागलं, कॉर्नर अडवणाऱ्यांना तोंडावर मास्क घालायला वेळ गेला, क्वार्टर संपता संपता कॉर्नर मिळाला तर तो पूर्ण होईपर्यंत क्वार्टर संपत नाही, असं करत करत सव्वा तासाच्या पुढे जातंच. त्यामुळे एकाच टर्फवर लागोपाठ मॅचेस असतील तर दीड-दीड तासाचा स्लॉट मागा. पाणी मारायचा टर्फ असेल तर पाणी मारायची दहा मिनिटं वेगळी धरा, कोरडा पडला की बॉल उड्या मारतो आणि पडलं की कोपर सोलून निघतं.

आता राहिली माणसं. ग्रुपवर 'वीकेंडला कोण कोण आहे?' असं कधीही विचारू नका. अठरा अंगठे येतात आणि त्यातला कुठला अंगठा शनिवारचा, कुठला रविवारचा, हे देवालाही सांगता येणार नाही. प्रत्येक मॅचचा वेगळा पोल, वर दिवस, मैदानावर पोचायची वेळ (मॅचची वेळ नाही, पोचायची!) आणि शर्टचा रंग, बुधवारी रात्री नऊला पोल बंद. 'बघतो' म्हणजे नाही. 'ट्राय करतो' म्हणजेसुद्धा नाही. 'बहुतेक येईन' म्हणजे मॅचच्या वेळेला उठून फोन करणार. हे तिन्ही मी नाही मधेच मोजतो आणि मग कुणी खरंच आला तर आनंद होतो, उलटं झालं तर निदान धक्का बसत नाही.

किती जण न्यायचे यावर आमच्याकडे दर सीझनला वाद होतो. लीग 16 जण लिहू देत असेल तर कॅप्टन 16 लिहितो, मी म्हणतो 14. हिशोब करून बघा, कीपर सोडून मैदानात दहा जण, गुणिले 60 मिनिटं, 600 मिनिटं वाटायची आहेत. 13 फील्ड प्लेअर असतील तर प्रत्येकाला साधारण 46 येतात, 15 असतील तर 40, आणि सेंटर बॅक सहसा बाहेर येत नाहीत म्हणजे बाकीच्यांचा वाटा अजून कमी. मग जो पोरगा पहाटे उठून आला आणि अठरा मिनिटं खेळला तो पुढच्या आठवड्यात 'बघतो' म्हणणार. उलट बाराच जण नेले आणि एकाला कार्ड मिळालं, एकाचा स्नायू धरला, की संपलं. 14 बरोबर आहेत, माझं मत आहे, भांडा हवं तर.

खालच्या टीममधला खेळाडू वरच्या टीममध्ये घ्यायचा असेल तर आधी आपल्या लीगचे नियम उघडून वाचा, किती वेळा वर खेळलं की परत खाली येता येत नाही याची मर्यादा बऱ्याच ठिकाणी असते. आम्ही एकदा न वाचता केलं आणि जिंकलेली मॅच कागदावर हरलो, मैदानावर हरण्यापेक्षा ते फार जास्त झोंबतं.

बॅग शुक्रवारी भरायची, शनिवारी नाही. बॉल, कॉर्नरचे मास्क, बदली शिन गार्डचा एक जोड, ग्रिप, टेप, कॅप्टनचा आर्मबँड (तो लागतो, दरवेळी हरवतो), बर्फाचे पॅक, पेन. आणि किकरचा एक जादा पट्टा. हा पट्टा मी दोन सीझन उगाच वाहत होतो, सगळे हसायचे, मग एका रविवारी दुसऱ्या क्वार्टरला आमच्या कीपरचा उजवा किकर लोंबायला लागला, बकलपाशीच पट्टा तुटलेला, आणि बॅगेतून तो पट्टा निघाला तेव्हा कुणी हसलं नाही.

मॅच चालू झाली की मॅनेजरचं काम बाकावरच असतं. बदली मधल्या रेषेपासून 3 मीटरच्या आतूनच, आणि आतला पूर्ण बाहेर आल्याशिवाय बाहेरचा आत जात नाही. कितीही वेळा बदली करता येते पण पेनल्टी कॉर्नर दिला की तो होईपर्यंत थांबायचं. पोरं नेमकी तेव्हाच हात वर करतात. प्रत्येक बदलीला ओरडत बसण्यापेक्षा आधीच जोड्या लावून द्या, हे दोघं लेफ्टला आलटून-पालटून, ते तिघं पुढे, दर सहा-सात मिनिटांनी, घड्याळ एकाच्या हातात.

कार्ड मिळालं तर आपणही आपलं स्टॉपवॉच चालू करायचं. हिरव्याला 2 मिनिटं, पिवळ्याला कमीत कमी 5, लाल म्हणजे उरलेली मॅच एक कमी. अंपायर वेळ बघतातच, पण त्यांना मॅचही बघायची असते, त्यामुळे वेळ झाली की शांतपणे त्यांच्याकडे बघून घड्याळ दाखवायचं, हातवारे नाहीत, 'सर झालं ना' नाही, नाहीतर दुसरं कार्ड आपल्यालाच. कार्ड खाऊन आलेल्याला बाकाच्या टोकाला बसवा आणि पहिला एक मिनिट त्याच्याशी कुणी बोलू नका.

कॉर्नरचे मास्क गोलच्या मागे जाळीपाशी ठेवायचे, बाजू बदलली की मास्कची बाजूही बदलायची, आणि हे काम एकाच माणसाला नावाने सांगायचं. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही. आपल्यावर कॉर्नर आला की कीपर धरून पाच जण गोललाइनच्या मागे, बाकीचे मधल्या रेषेच्या पलीकडे, कोण कुठे पळणार हे ड्रेसिंग रूममध्येच ठरलेलं हवं. बॉल क्लिअर झाल्यावर मास्क काढून टाकायला पोरांना दहादा सांगा, 23 मीटरच्या रेषेपुढे मास्क घालून खेळता येत नाही आणि जोशात विसरतात.

शनिवार संपला की रविवारचं काम सुरू होतं. दोन्ही दिवस खेळणाऱ्यांना शनिवारी रात्री फोन करून फक्त एवढं विचारायचं, 'मांडी कशी आहे?' मेसेजवर सगळे म्हणतात मस्त, फोनवर आवाजातून कळतं. कीपरचं किट गाडीच्या डिकीत राहू द्यायचं नाही, रात्रीच पसरून वाळत टाकायचं, पॅड उभे करून, हेल्मेट उलटं, ग्लोव्हज पंख्याखाली. आणि वाळत टाकतानाच हेल्मेटच्या जाळीचे स्क्रू हाताने हलवून बघायचे, ढिले असतील तर तिथल्या तिथे आवळायचे.

शेवटी कागद. मॅच शीटवर सह्या झाल्या की देऊन टाकायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, शर्ट नंबर, गोल कुणी मारले, कार्डं, सगळं दिसेल असा. लीगला निकाल कळवायची वेळ ठरलेली असते आणि ती चुकली तर काही ठिकाणी दंड किंवा पॉइंट कापतात, त्यामुळे मी तो मैदानातून बाहेर पडायच्या आधीच टाकतो, गाडीत बसल्यावर विसरायला होतं. आमच्या नंबर सातच्या नावावर एकदा नंबर सतराचे दोन गोल गेले होते, सीझन संपेपर्यंत दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते, आणि फोटो मी काढला नव्हता.