जर्मनीत स्थायिक होताना या चुका टाळा: पत्रपेटीवरचं नाव आणि इतर घोळ

जर्मनीला येणारी माणसं व्हिसासाठी महिनोन्‌महिने धडपडतात आणि तो हातात पडला की आता सुटलो म्हणतात. खरं कागदांचं काम विमानातून उतरल्यावर सुरू होतं. इथे एक कागद दुसऱ्या कागदावर अवलंबून असतो आणि त्या साखळीची पहिली कडी म्हणजे राहता पत्ता. ती कच्ची ठेवून पुढे धावणाऱ्यांचे हाल बघून वाईट वाटतं, कारण ते सगळे टाळता येण्यासारखे असतात.

पत्ता नोंदवता येत नाही अशी खोली घेणं

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये, पत्ता नोंदवावा लागतो. हीच आनमेल्डुंग. सोबत पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाच्या सहीचं ‘हा माणूस अमुक तारखेपासून इथे राहतो’ असं पत्र लागतं. नोव्हेंबर २०१५ पासून हे पत्र सक्तीचं आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

घोळ साधारण असा होतो. नोकरी एक तारखेपासून, घर मिळत नाही, म्हणून मुलगा कुणाच्या तरी घरात पोटभाड्याने खोली घेतो. भाडं कमी, पण ‘आनमेल्डुंग होणार नाही’ ही अट. दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, असं म्हणून तो होकार देतो. नोंदणी नाही म्हणून अकरा अंकी कर ओळख क्रमांक येत नाही. तो क्रमांक कंपनीला वेळेत मिळाला नाही की पगार सहाव्या करवर्गाने निघू लागतो आणि त्या वर्गात कपात सगळ्यात जास्त. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘मित्राच्या पत्त्यावर नोंदव.’ हे अजिबात करू नका. प्रत्यक्ष राहत नसताना पत्ता वापरू देणाऱ्या मित्राला ५०,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

शेवटी तो रीतसर खोली शोधतो, नोंदणी करतो, आणि तरीही महिनाभर काहीच येत नाही. कारण पत्रपेटीवर अजून जुन्या भाडेकरूचं नाव असतं. जर्मन इमारतींत बहुधा फ्लॅटला नंबर नसतो, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो. नाव दिसलं नाही की पत्र परत. कर क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा वेगळ्या पाकिटातून येणारा पिन, आरोग्य विम्याचं कार्ड, सगळं असंच परत जातं आणि पाठवणाऱ्याच्या लेखी तुम्ही त्या पत्त्यावर नसताच.

म्हणून किल्ली हातात आली की बॅगा उघडण्याआधी पत्रपेटी आणि घंटी, दोन्हींवर नाव लावायचं. पेनाने लिहून चिकटपट्टी लावली तरी चालतं. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही लिहा. पोटभाड्याने राहत असाल तर पत्त्यात ‘सी/ओ’ लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घाला.

नाव कोणतं, हाही आपल्याकडच्या लोकांचा खास गोंधळ. मराठी पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. जर्मन कार्यालय ती दोन्ही तुमचीच पहिली नावं धरतं. त्याबद्दल वाद घालू नका, पण मग बँक, विमा, नोकरीचा करार, सगळीकडे अक्षरन्‌अक्षर तेच नाव द्या. नोंदणीचा दाखला हातात आला की खिडकीपाशीच स्पेलिंग तपासा. तिथे चूक दोन मिनिटांत दुरुस्त होते, नंतर नव्याने वेळ घ्यावी लागते.

कर क्रमांकाचं पत्र हरवलंच तर केंद्रीय कर कार्यालयाकडे पुन्हा मागता येतं, पण तेही पोस्टानेच येतं. जास्त कापलेला कर बुडत नाही. क्रमांक दिल्यावर कंपनी हिशेब दुरुस्त करते, नाहीतर पुढच्या वर्षी कर विवरणातून तो परत मिळतो. तोवर हातात कमी पैसे आणि समोर घराची अनामत, हीच खरी अडचण.

स्वस्त आरोग्य विमा

विद्यार्थी इथे फार फसतात. सरकारी विम्याचा विद्यार्थी दर साधारण तिशीपर्यंत मिळतो. महिन्याला काही युरो वाचवायला काहीजण खासगी विमा घेतात आणि सरकारी विम्यातून सूट घेतात. ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. दुसऱ्या सत्रात पाठीचं दुखणं निघालं किंवा विमा कंपनीने खर्च नाकारला, तरी विद्यार्थी म्हणून सरकारी विम्यात परतता येत नाही. चांगल्या पगाराच्या नोकरदारालाही तरुणपणी खासगी हप्ता कमी वाटतो. मात्र सरकारी विम्यात कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा. शिवाय पंचावन्न वर्षांनंतर परतीचा रस्ता जवळजवळ बंद होतो. कुटुंब येणार असेल तर सरकारीच घ्या, असं आमचं ठाम मत आहे. प्रवास विमा मात्र प्रवासापुरताच, त्यावर निवास परवान्याची अपेक्षा ठेवू नका.

व्हिसा संपायची वाट बघणं

मोठ्या शहरांत परदेशी नागरिक कार्यालयाची वेळ महिनोन्‌महिने मिळत नाही. म्हणून थांबायचं नसतं. व्हिसा संपण्याआधी अर्ज ऑनलाइन किंवा लेखी पोहोचला पाहिजे आणि पोहोचल्याचा पुरावा जपला पाहिजे. मग फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग हा तात्पुरता दाखला मागा आणि त्यावर कोणत्या चौकटीत खूण आहे ते बघा. निवास कायद्याच्या कलम ८१ चं चौथं पोटकलम असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर येता येत नाही. दिवाळीचं तिकीट ही खूण बघितल्यावरच काढा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात.

अपोस्टीलवर, म्हणजे कागदपत्र परदेशात खरं धरलं जावं म्हणून त्यावर लावतात त्या सरकारी शिक्क्यावर, पैसे घालवू नका. भारत २००५ मध्ये अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीने त्याला हरकत घेतली, त्यामुळे भारतीय अपोस्टील इथे चालत नाही. आधी कार्यालयाला विचारा, मग एजंटला.

भारतीय वाहन परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

मुलांचा भत्ता, किंडरगेल्ड, मागचा फक्त सहा महिन्यांचा मिळतो. अर्ज लांबवू नका.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून पत्र फेकून दिलं तरी थकबाकी साचत राहते.

अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च सोडून नुसतं जे भाडं असतं त्याच्या तिप्पट. ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क कायद्याने आहे. घर न दाखवता ‘पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ म्हणणारा मालक हा ठगच.

घर सोडण्याची नोटीस तीन महिन्यांची. ती कागदावर सही करून द्यायची, ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो.

आणि न्यायालयाकडून किंवा सरकारी कार्यालयाकडून रीतसर बजावणीचं पिवळं पाकीट आलं तर ते फाडून टाकू नका. पोस्टमनने त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजतात, मग तुम्ही गावाला असा की घरी. दंडाच्या आदेशावर हरकत घ्यायला दोनच आठवडे असतात. लांब सुट्टीवर जाताना पत्रपेटीची किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे द्या आणि पिवळं काही दिसलं तर त्याच दिवशी फोटो पाठवायला सांगा.