रीटचा रिपोर्ट वाचायचाय? मग डिव्हिडंडच्या आधी नोट १ आणि नोट २ उघडा

अमेरिकन रीटचा (रीट म्हणजे बिल्डिंगा घेऊन भाडं कमावणारी आणि ते भागधारकांना वाटणारी कंपनी) वार्षिक रिपोर्ट, म्हणजे ते १०-के, पहिल्यांदा हातात आलं की आपण सगळे एकच करतो, थेट शेवटची ओळ गाठतो, नफा किती ते बघायला. मीही तेच केलं होतं. बिल्डिंगा भरलेल्या, डिव्हिडंड दर तिमाहीला नेमाने येतोय आणि खाली चक्क नेट लॉस! म्हटलं ही कंपनी काही राहत नाही आता, विकून मोकळा झालो. नंतर कळलं की तो तोटा जवळपास सगळा घसाऱ्याचा होता, कंपनीच्या खिशातून त्यापायी दमडी गेली नव्हती. आणि हे सगळं त्याच रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं हो, आकड्यांच्या तक्त्यांनंतर ज्या नोट्स येतात त्यात, पण त्या वाचतो कोण.

तर आता माझी पद्धत उलटी आहे. एसईसीच्या (अमेरिकेतल्या शेअर बाजाराची नियामक संस्था) एडगर साइटवर रिपोर्ट फुकट मिळतो, तो उघडायचा, सीईओचं पत्र, चकचकीत फोटो वगैरे सोडून द्यायचं आणि आधी नोट १ वाचायची, जिला बहुतेक ठिकाणी ऑर्गनायझेशन असं काहीतरी नाव असतं, मग नोट २, म्हणजे अकाउंटिंग पॉलिसीज. पहिलीत कळतं की बिल्डिंग नक्की कोणाची आहे, दुसरीत कळतं की आकडे कसे शिजवलेत (शिजवलेत म्हणजे वाईट अर्थाने नाही, पण रेसिपी माहीत हवी ना).

नोट १ वाचताना कागद पेन्सिल घ्या, खरंच घ्या. सगळ्यात वर एक चौकोन काढा, तो रीट, ज्याचे शेअर बाजारात चालतात. त्याखाली दुसरा चौकोन, ऑपरेटिंग पार्टनरशिप, जिला सगळे ओपी म्हणतात. त्याखाली खूप सारे छोटे चौकोन, प्रत्येकात एक एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची छोटी कंपनी, आणि तिच्या नावावर एखादी बिल्डिंग. म्हणजे शेअर घेतलात तर तुम्ही बिल्डिंगचे मालक नाही होत, तुम्ही अशा कंपनीचे भागीदार होता जी एका पार्टनरशिपची जनरल पार्टनर, म्हणजे कारभार बघणारी भागीदार, आहे, जिच्या मालकीच्या एलएलसीकडे बिल्डिंग आहे. वेगवेगळ्या एलएलसी कशाला, तर एका बिल्डिंगचं कर्ज थकलं तर बँकेने त्याच बिल्डिंगवर टाच आणावी, बाकीच्यांना हात लावू नये म्हणून.

या मधल्या ओपीमुळे या रचनेला अपरीट म्हणतात. १९९२ साली टॉबमन सेंटर्सने शेअर बाजारात येताना ही युक्ती पहिल्यांदा वापरली आणि मग सगळ्यांनीच उचलली. कारण टॅक्स. समजा एखाद्याकडे जुनी बिल्डिंग आहे, घसारा काढून काढून पुस्तकात तिची किंमत उरलीय नाममात्र, आता विकली तर भलामोठा टॅक्स. तो ती रोख पैशात न विकता ओपीला देतो आणि बदल्यात ओपी युनिट घेतो, की टॅक्स पुढे ढकलला गेला. नंतर हवं तेव्हा ते युनिट परत करायचं, बहुतेक रीटमध्ये एका युनिटमागे एक शेअर मिळतो किंवा तेवढी रोख, आणि काय द्यायचं हे रीट ठरवतं. टॅक्स तेव्हा भरायचा.

आता यात तुम्ही काय बघायचं? एक, ओपीचे किती टक्के रीटकडे आहेत आणि किती बाहेरच्या युनिटवाल्यांकडे. बाहेरच्यांचा वाटा ताळेबंदात नॉनकंट्रोलिंग इंटरेस्ट म्हणून दिसतो, आणि पर शेअर काही काढताना लोक हमखास इथे चुकतात, वरचा आकडा अख्ख्या ओपीचा घेतात आणि भागतात फक्त शेअरनी. अख्खा आकडा घ्यायचा असेल तर खाली शेअर अधिक युनिट घ्या. दोन, टॅक्स प्रोटेक्शन अग्रीमेंट हा शब्द सर्च करा. काही वेळा जुन्या मालकाला वचन दिलेलं असतं की तुझी बिल्डिंग अमुक वर्षं विकणार नाही, विकली तर तुझा टॅक्स आम्ही भरू, म्हणजे ती बिल्डिंग विकणं शेअरवाल्यांच्या फायद्याचं असलं तरी मॅनेजमेंटचे हात बांधलेले. आणि तो जुना मालक बऱ्याचदा बोर्डवरच बसलेला असतो. मला हे दिसलं की मी दोन मिनिटं थांबतोच.

बाजूला आणखी एक चौकोन लागेल, टीआरएस, टॅक्सेबल रीट सब्सिडिअरी. रीटला जी कामं थेट करता येत नाहीत, म्हणजे भाड्यापलीकडच्या काही सेवा, हॉटेल चालवण्यातलं उत्पन्न, अशी ती या कंपनीत टाकतात आणि ही कंपनी साध्या कंपनीसारखा टॅक्स भरते. जॉइंट व्हेंचर, म्हणजे दुसऱ्या कोणाबरोबर भागीदारीत घेतलेल्या बिल्डिंगा, असतील तर तेही काढा, त्यांच्याबद्दल खाली येतंच. आणि मॅनेजर आतला की बाहेरचा हे बघा. बाहेरचा अॅडव्हायजर असेल आणि त्याची फी मालमत्तेच्या आकारावर असेल, तर भाव कसाही असो, तो खरेदी करत सुटला तरी त्याची फी वाढतेच. ही फी कशी मोजतात ते रिलेटेड पार्टीच्या, म्हणजे कंपनीच्या जवळच्यांशी झालेल्या व्यवहारांच्या, नोटमध्ये सापडेल.

टॅक्सच्या अटी नोट १ मध्ये किंवा इन्कम टॅक्सच्या परिच्छेदात दोन ओळीत उरकलेल्या असतात, पण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. अमेरिकेत रीटचा कायदा १९६० साली आला, गंमत म्हणजे सिगारवरच्या कराच्या एका बिलाला जोडून. अटी साधारण अशा: मालमत्तेच्या किमान ७५ टक्के रिअल इस्टेट, रोख, सरकारी रोखे यात हवी, उत्पन्नाच्या किमान ७५ टक्के भाडं, गहाण कर्जाचं व्याज अशा रिअल इस्टेटशी जोडलेल्या गोष्टींतून यायला हवं, किमान १०० भागधारक हवेत, आणि वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत पाच किंवा कमी व्यक्तींकडे मिळून निम्म्याहून जास्त शेअर नकोत. या शेवटच्या अटीमुळेच बऱ्याच रीटच्या चार्टरमध्ये, म्हणजे कंपनीच्या मूळ नियमावलीत, एका माणसाला ९.८ टक्क्यांपेक्षा जास्त शेअर घेता येत नाहीत असं लिहिलेलं असतं. आणि मग ती प्रसिद्ध अट, करपात्र उत्पन्नाच्या ९० टक्के वाटायचे.

इथे थांबा, कारण हे वाक्य सगळे अर्धवट सांगतात. ९० टक्के नफ्याचे नाहीत, हातात आलेल्या रोखीचे नाहीत, करपात्र उत्पन्नाचे, आणि त्यातूनही कॅपिटल गेन वगळून. टॅक्सच्या हिशोबात घसारा वजा होत असल्याने करपात्र उत्पन्न रोखीपेक्षा बरंच कमी असू शकतं, त्यामुळे कायद्याने द्यावाच लागेल असा डिव्हिडंड आणि प्रत्यक्षात देतात तो डिव्हिडंड यात मोठी फट असू शकते. कायद्यानेच द्यावा लागतो म्हणून डिव्हिडंड सेफ आहे असं कोणी म्हटलं तर हसून सोडून द्या. अटी मोडल्या आणि अशा चुकांसाठी कायद्यात असलेल्या सवलतीही लागू झाल्या नाहीत, तर रीटचा दर्जा जातो, कंपनीवर साधा कॉर्पोरेट टॅक्स बसतो आणि सहसा पुढची चार वर्षं परत रीट होता येत नाही.

आता नोट २. पहिले दोनतीन परिच्छेद, म्हणजे बेसिस ऑफ प्रेझेंटेशन, एस्टिमेट्स वगैरे, सगळीकडे सारखेच असतात, सोडा. कन्सॉलिडेशनवर, म्हणजे कोणकोणत्या कंपन्यांचे आकडे एकत्र धरलेत त्यावर, मात्र नजर टाका. ओपी बहुतेक वेळा व्हीआयई (व्हेरिएबल इंटरेस्ट एंटिटी, जिचा ताबा फक्त मतांच्या टक्क्यांवरून ठरत नाही अशी संस्था) म्हणून पूर्ण जमेला धरलेली असते. जॉइंट व्हेंचरचं तसं नाही, रीटच्या ताब्यात नसेल तर इक्विटी मेथड लागते, म्हणजे ताळेबंदात एकच ओळ दिसते आणि त्या व्हेंचरचं कर्ज तुमच्या रीटच्या कर्जाच्या आकड्यात दिसतच नाही. ते आपल्या वाट्याएवढं आपणच मनात मिळवायचं.

मालमत्तेची किंमत अमेरिकन नियमात खरेदीच्या किमतीवर असते, वजा घसारा. जमिनीला घसारा नाही, बिल्डिंगला बहुधा चाळीस वर्षांपर्यंत, भाडेकरूसाठी केलेल्या कामाला कराराची मुदत किंवा त्या कामाचं आयुष्य यातलं जे कमी ते. आयएफआरएस हे आंतरराष्ट्रीय हिशोबाचे नियम पाळणाऱ्या देशांत कंपनीला फेअर व्हॅल्यू, म्हणजे बाजारभाव, निवडता येते आणि किमतीतला फरक थेट नफ्यातोट्यात जातो, म्हणून दोन देशांतल्या रीटचा नेट प्रॉफिट शेजारी ठेवून तुलना करत बसू नका, काही अर्थ नाही.

खरेदीचा हिशोब सगळ्यात मजेशीर. समजा १,००० ला बिल्डिंग घेतली. पुस्तकात ते १,००० असेच नाही जात, त्याचे तुकडे होतात: जमीन २००, इमारत ६५०, आधीच भाडेकरू बसलेत त्याची किंमत १२०, काही करार बाजारापेक्षा चढ्या भाड्याचे म्हणून ५०, आणि काही बाजारापेक्षा स्वस्त भाड्याचे म्हणून उणे २०. बेरीज १,०००. यातले १२० करारांच्या उरलेल्या मुदतीत खर्ची पडतात. पण चढ्या आणि स्वस्त करारांचे आकडे खर्चात न जाता भाड्याच्या उत्पन्नात जातात, ५० हळूहळू भाडं कमी करतात आणि २० हळूहळू भाडं वाढवतात. म्हणजे भाड्याच्या ओळीत असाही एक हिस्सा असतो जो कोणत्याच भाडेकरूने दिलेला नाही. जमिनीला जास्त वाटा दिला की घसारा कमी, नफा जास्त, आणि हा वाटा ठरतो अंदाजाने. २०१७ च्या बदलानंतर बहुतेक खरेद्या बिझनेस नव्हे तर अॅसेट खरेदी धरल्या जातात, त्यामुळे वकील वगैरेंचा खर्चही लगेच खर्ची न टाकता किमतीत मिळवतात.

भाड्याचं तसंच. करार पाच वर्षांचा, भाडं दर वर्षी १००, ११०, १२०, १३०, १४०. सरासरी १२०, आणि पुस्तकात दर वर्षी १२० च दिसणार, याला स्ट्रेट लाइन रेंट म्हणतात. पहिल्या वर्षी हातात १००, पुस्तकात १२०, ते २० ताळेबंदात येणं म्हणून बसतात. दुसऱ्या वर्षाअखेर ही बाकी ३० होते. भाडेकरू तेव्हाच गाशा गुंडाळून गेला तर ३० उडाले, आणि २०१९ पासूनच्या लीजच्या नियमात ते बुडीत खर्च म्हणून वेगळे न दिसता भाड्याच्या उत्पन्नातूनच वजा होतात. भाडं मिळण्याची खात्री राहिली नाही तर त्या भाडेकरूला कॅश बेसिसवर टाकतात, पैसे आले तरच उत्पन्न धरायचं. २०२० मध्ये कोविडच्या काळात असे भाडेकरू ढिगाने निघाले. म्हणून रिपोर्टमध्ये ही स्ट्रेट लाइनची, म्हणजे डिफर्ड रेंटची, बाकी भाड्याच्या मानाने फार फुगतेय का हे मी दर वर्षी बघतो.

बांधकाम चालू असेल तर व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, प्रोजेक्टवरच्या लोकांचे पगार हे सगळं खर्ची न पडता बिल्डिंगच्या किमतीत चढतं. ते थांबतं कधी, तर बिल्डिंग वापराला तयार झाली की, फार तर मुख्य बांधकाम संपल्यापासून एक वर्षात. रिकामी पडलेली नवी बिल्डिंग असेल तर त्या दिवसानंतर नफ्याला अचानक खड्डा पडतो, मॅनेजमेंट बदललं नाही, बाजार बदलला नाही, फक्त ते व्याज आता खर्चात दिसायला लागलं.

इम्पेअरमेंट, म्हणजे बिल्डिंगची पुस्तकी किंमत खाली आणणं, एका ओळीत: आधी बिल्डिंगमधून पुढे येणारी रोख, डिस्काउंट न करता, पुस्तकी किमतीपेक्षा कमी भरते का बघतात, कमी भरली तरच किंमत बाजारभावापर्यंत खाली आणतात. डिस्काउंट न करता हे महत्त्वाचं, त्यामुळे बाजारभाव बराच पडलेला असूनही पुस्तकात काहीच न दिसणं शक्य आहे. बिल्डिंग किती वर्षं ठेवणार हा अंदाज बदलला की मात्र चित्र एका रात्रीत पालटतं.

हे सगळं वाचलं की मग एफएफओकडे (फंड्स फ्रॉम ऑपरेशन्स, रीटची कमाई मोजायचा आकडा) या, जो नोट्समध्ये नसतो, मॅनेजमेंटच्या चर्चेत असतो. नॅरीट या संघटनेने १९९१ मध्ये याची व्याख्या केली. नेट इन्कम घ्या, रिअल इस्टेटचा घसारा मिळवा, मालमत्ता विकून झालेला नफा वजा करा, इम्पेअरमेंट परत मिळवा. स्ट्रेट लाइनवाले ते हवेतले २० मात्र यात तसेच राहतात. ते काढायचे, वरचेवर लागणारा दुरुस्तीचा आणि दलालीचा खर्च काढायचा, की एएफएफओ, म्हणजे अॅडजस्टेड एफएफओ, आणि याची काही ठरलेली व्याख्या नाही, प्रत्येक कंपनी आपापली बनवते. म्हणून कंपनीचा एएफएफओ मी जसाच्या तसा कधी घेत नाही, कॅश फ्लोच्या पानावर जाऊन त्या वर्षी बिल्डिंगांवर खरंच किती खर्च केला तो आकडा घेतो आणि स्वतः वजा करतो, अर्धा तास जातो पण डिव्हिडंड झेपतोय की नाही ते दिसतं.

शेवटचं एक काम, कंटाळवाणं आहे पण करा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट शेजारच्या टॅबमध्ये उघडा आणि दोन्हीची नोट २ परिच्छेदाला परिच्छेद लावून वाचा. नव्वद टक्के मजकूर शब्दशः तोच असतो, तो डोळ्याखालून घालत जायचा. मागच्या वर्षी बिल्डिंगचं आयुष्य तीस वर्षं होतं आणि यंदा चाळीस झालंय असं काही दिसलं, की पेन्सिल तिथे थांबवायची आणि बदलाचं कारण दिलंय का ते शोधायचं.