युद्ध, प्लेग आणि मजुरी : 1300 ते 1500 चा तक्ता कसा करावा

उत्तर-मध्ययुगीन युरोपवर प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत एक साखळी हमखास उतरते: प्लेगने माणसं मेली, मजूर कमी पडले, मजुरी वाढली, सरंजामशाही संपली. यातलं सगळंच चूक नाही, पण यात युद्ध नाही, कर नाही आणि राजा तर कुठंच नाही. ही उणीव तक्त्याने भरून निघते. कोल्हापुरातल्या पदवीच्या वर्गाला एका दुपारी जमेल असा हा तक्ता आहे.

22 × 28 इंचाचे दोन कार्डशीट, लांब मोजपट्टी, पेन्सिल आणि तीन रंगांचे बॉलपेन घ्या. महाद्वार रोडवर सगळं मिळतं. पावसाळ्यात स्केचपेन टाळा. इथल्या दमट हवेत कागद ओल धरतो, शाई फुटते आणि 1349 नि 1351 चे आकडे एकमेकांत जातात. कार्डशीट लांबीकडून जोडून मागून चिकटपट्टी लावा. सुमारे 140 सेंमी लांबी मिळते, तिच्यावर 100 सेंमीची रेघ मारा. प्रमाण 1 सेंमीला 2 वर्षं. वर्षातून 1300 वजा करून निम्मे करायचे, की जागा सापडते.

1347 येतं 23.5 सेंमीवर. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दौलताबादला बहमनी सत्ता सुरू झाली आणि ऑक्टोबरमध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात प्लेगची जहाजं लागली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून बहमनी खूण पेन्सिलीनेच करा. साल लक्षात राहायला मात्र तिचा उपयोग होतो.

आता तीन पट्ट्या आखा. वर युद्ध, मध्ये दुष्काळ-रोगराई, खाली मजुरी, कर आणि कायदे. वरच्या दोन 10-10 सेंमी उंच पुरतात, खालची 25 ठेवा. खरं काम तिथंच आहे.

युद्धाच्या पट्टीत इंग्लंड-फ्रान्समधलं शंभर वर्षांचं युद्ध 18.5 पासून 76.5 सेंमीपर्यंत (1337 ते 1453) येतं. ते सलग रंगवू नका. 1360 ते 1369 आणि 1389 ते 1415 या काळात बहुतांशी तह होते, तिथं तिरप्या रेघा मारा. कोरी जागा सोडली तर शांतता होती असं वाटतं. तह झाला की पगार थांबतो, सैनिक मात्र तिथंच राहतो. 1360 नंतर अशा टोळ्यांनी फ्रान्सची गावं लुटली. 1356 ला प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडला गेला. दोनच वर्षांनी शेतकऱ्यांचा उठाव झाला, आणि 1360 मध्ये त्या राजाच्या सुटकेसाठी 30 लाख सुवर्णमुद्रांची खंडणी ठरली. तिन्ही खुणा जवळजवळ येतात, तशाच येऊ द्या.

मधली पट्टी 1315 च्या महादुष्काळापासून सुरू करा. 1347 ते 1351 चा प्लेग सगळेच दाखवतात. 1361 आणि 1369 च्या साथी राहून जातात. एकदाच साथ आली असती तर पुढच्या पिढ्यांत लोकसंख्या सावरली असती. इंग्लंडमध्ये 1361 ची साथ मुलांची साथ म्हणून ओळखली गेली. वीस वर्षांनी संसार थाटणारेच त्यात गेले. काळ्या समुद्रावरच्या काफा बंदराच्या वेढ्यात मंगोलांनी प्लेगची प्रेतं तटावरून आत फेकली, ही गोष्ट मुलांना फार आवडते. ती लिहिणारा इटलीतल्या पिआचेन्झाचा वकील तिथं हजर होता असं दिसत नाही. प्रश्नचिन्ह टाकूनच घ्या.

खालच्या पट्टीत हिशोब करायचा. आण्याचे 12 पै, तसे शिलिंगचे 12 पेनी. 1351 च्या इंग्लिश कायद्याने मजुरी साथीआधीच्या दरावर बांधली: मिस्त्री सुताराला दिवसाला 3 पेनी, गवत वाळवणाऱ्याला 1. युद्धखर्चासाठी डोईपट्टी (माणशी कर) बसली, 1377 मध्ये 4 पेनी आणि 1380 मध्ये सरासरी 12. म्हणजे मिस्त्रीची चार दिवसांची, गवतवाल्याची बारा दिवसांची कायदेशीर कमाई, आणि नवरा-बायको दोघांची वेगवेगळी. 40.5 सेंमीवर इंग्लंडमधला 1381 चा शेतकऱ्यांचा उठाव लिहा आणि वरच्या दोन्ही पट्ट्यांतून तिथपर्यंत बाण आणा. प्लेगने मजुराला भाव आला, कायद्याने तो दाबला, युद्धाने त्याच्याकडूनच पैसा मागितला. बाण एकाच पट्टीतून आला तर तक्ता चुकला असं समजा.

इथंच आणखी एक गफलत होते. कायद्यातला दर म्हणजे हातात पडलेली मजुरी नव्हे. मालक चोरून जास्त देत होते. शिवाय 1370 च्या दशकाच्या मध्यापर्यंत धान्यही महाग होतं, त्यामुळे मजुराच्या ताटात फरक पडला तो त्यानंतर. ‘1348 नंतर लगेच सुबत्ता’ असं लिहिलं असेल तर खोडा.

कडेच्या समासात तीन नोंदी हव्यातच. फ्रान्समध्ये 1445 च्या सुमारास कायमची फौज आणि तिच्यासाठी कायमचा कर आला. जर्मनीतल्या एल्ब नदीच्या पूर्वेला पुढे जमीनदारांनी कुळांना जमिनीशी आणखी घट्ट बांधलं. इजिप्तमध्ये माणसंच नसल्याने कालवे-बंधारे मोडकळीला आले आणि उरलेल्या शेतकऱ्याचं काही भलं झालं नाही. रोग एकच, मग निकाल वेगळे का, हा प्रश्न वर्गाला इथं विचारा.

1896 ला मुंबईत आलेला आणि पुढे करवीर संस्थानातही पोचलेला प्लेग घरच्या आठवणींतून मुलांना ऐकून ठाऊक असतो. तो या तक्त्यावर घेऊ नका. जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला, पिसवांचा वाटा 1898 मध्ये कराचीत लक्षात आला. म्हणून 1348 समोर त्या काळच्या लोकांनी मानलेलं ‘कारण’ लिहिताना उंदीर नको. पॅरिसच्या वैद्यांनी राजाला कळवलेलं 1345 चं शनी-गुरू-मंगळाचं एकत्र येणं आणि दूषित हवा लिहा. 38.5 सेंमीवर रागुसा (आजचं दुब्रोव्हनिक) बंदराचा 1377 चा नियम टाका: साथीच्या मुलखातून आलेल्यांना 30 दिवस शहराबाहेर थांबवणं.