डिफरन्शियल इक्वेशन कॉम्प्युटरवर सोडवताय? या चुका टाळा

रावेरची केळी शेतातून आली तेव्हा ४० अंशांवर. कोल्ड रूममध्ये १४ अंश. न्यूटनचा थंड होण्याचा नियम लावू (थंड होण्याचा वेग केळं आणि खोली यांच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात; हेच आपलं डिफरन्शियल इक्वेशन), स्थिरांक ताशी ०.५ धरू (आकडा हिशेबापुरता, खऱ्या घडाचा मोजूनच काढावा लागतो). दोन तासांनी केळ्याचं तापमान किती? कागदावर २३.५६ येतं. वर्गात मी हेच गणित देतो, कारण जवळपास सगळ्या चुका यातच सापडतात.

ऑयलरची पद्धत, म्हणजे आत्ताचा बदलाचा वेग पूर्ण स्टेपभर तसाच धरून पुढचं तापमान काढायचं. स्टेप एक तासाची: २०.५०. तीन अंशांनी चुकलं, आणि कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही. नेमकं उत्तर हाताशी नसेल तर हे कळणार कसं? स्टेप निम्मी करा. अर्ध्या तासाला २२.२३, पाव तासाला २२.९३. उत्तर अजून सरकतंय, म्हणजे पोचलेलं नाही. शेवटच्याची दुप्पट करून त्यातून आधीचं वजा केलं तर २३.६ च्या आसपास येतं. ही रिचर्डसनची युक्ती; जवळजवळ फुकट मिळते, तरी कुणी वापरत नाही.

पोरं मात्र स्टेप बारीक करत सुटतात. पाव तासाच्या ऑयलरला समीकरणात आठ वेळा आकडे घालावे लागले. चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत एका स्टेपमध्ये चार वेळा बदलाचा वेग (उतार) काढून त्यांची सरासरी घेते. तिला एक तासाच्या दोन स्टेपमध्ये आठच वेळा, आणि उत्तर २३.५७. मेहनत तेवढीच, चूक ऐंशीपट कमी. स्टेप निम्मी केल्यावर त्याची चूक सोळापट घटायला हवी. दुपटीनेच घटली तर कोड तपासा; मधल्या उतारांत अर्धी स्टेप घ्यायची राहिलेली असते.

उलट टोकाला, पाच तासांची स्टेप घ्या: पहिल्याच फटक्यात उणे २५. धुळ्याकडचा एक विद्यार्थी ओरडला, "सर, केळं गोठी गयं!" पुढच्या स्टेपला तेच केळं ७२.५ वर. इथे ऑयलरची मर्यादा चार तास; स्टेप त्याहून मोठी झाली की उत्तर असं भरकटत जातं. खरी पंचाईत खोलीची हवा मिनिटांत आणि केळं तासांत बदलतं तेव्हा होते. हवा शांत झाली तरी स्टेप तिच्याच तालावर छोटी ठेवावी लागते. अशा 'स्टिफ' गणिताला इम्प्लिसिट पद्धत लावा, म्हणजे स्टेपच्या शेवटचा वेग धरून समीकरण सोडवणारी. सायपाय या पायथनच्या लायब्ररीमध्ये 'रेडाऊ' किंवा 'बीडीएफ'.

वेळ ०.१ ची बेरीज करत पुढे नेऊ नका. कॉम्प्युटरला ०.१ नेमकं साठवता येत नाही, म्हणून दहा बेरजांनी १ होत नाही, किंचित कमी भरतो आणि लूप एक फेरी जास्त मारतं. स्टेपच्या क्रमांकाला ०.१ ने गुणा.

आणि लाइट जाते. कूलिंग एकदम बंद, समीकरणच बदललं. स्टेप या क्षणावरून उडी मारून गेली की रुंगे-कुट्टाची अचूकता ढासळते. स्वतः स्टेप ठरवणारा सॉल्व्हर (समीकरण सोडवणारा प्रोग्रॅम) तर दहा मिनिटांचा खंड अख्खा ओलांडून जाऊ शकतो. लाइट गेली तिथे थांबा, त्या तापमानापासून नव्याने सुरू करा. आली की पुन्हा तसंच.