मनी दिवाणाखालून बाहेर आली

मिरजेहून मावशीकडचं मांजराचं पिल्लू सांगलीला विश्रामबागेतल्या घरी आणलं, तेव्हा ते जेमतेम 8 आठवड्यांचं होतं. पिशवीतून सोडताच थेट दिवाणाखाली! रात्रभर केविलवाणं ओरडणं. मी हात घालून तिला ओढून काढायचे, तीच चूक. त्यात आईने मायेने म्हशीचं दूध दिलं आणि जुलाब लागले. दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही. डॉक्टरांनी दूध बंदच करायला लावलं.

मग अख्खं घर दाखवायचं सोडलं. मागच्या खोलीत एक खोका आडवा ठेवला. आत मावशीकडून मागवलेलं जुनं फडकं, त्याला मनीच्या आईचा वास होता. एका कोपऱ्यात पाणी आणि भिजवलेलं पिल्लांचं खाणं, पार समोरच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं. जेवणाजवळ मांजर सहसा शी करत नाही.

मी नुसती जमिनीवर बसून हळू आवाजात पेपर वाचायचे. चौथ्या संध्याकाळी पायाच्या अंगठ्याला ओलं, गार नाक लागलं. मी हललेच नाही. तिने अंगठा हुंगला, गाल घासला, मांडीत चढली आणि घुरघुरायला लागली. डोळे भरून आले माझे.

आता एकेक खोली उघडतेय. स्वयंपाकघर अजून बंद आहे.