टार्गेटसाठी पहिली रायफल: बोअर कोणता घ्यावा, पैसे कशावर घालावेत

रायफल घ्यायची म्हटलं की लोक आधी दुकान गाठतात. आधी अंतर ठरवा. १० मीटरवर मारायचं की ५० मीटरवर, एवढं पक्कं झालं की बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा, प्रश्न आपोआप सुटतो. १० मीटरला ४.५ मिमी, म्हणजे .१७७ ची एअर रायफल. ५० मीटरला .२२ लाँग रायफल, ५.६ मिमीची. .३१५ सारखे मोठे बोअर टार्गेटच्या स्वस्त सरावाचे नव्हेत. त्यातल्या एका फेरीच्या काडतुसांच्या पैशात ४.५ चे छर्रे आठवडेच्या आठवडे पुरतात.

सोलापुरात नव्याने सुरुवात करणाऱ्याने ४.५ मिमीच घ्यावी, असं आमचं ठाम मत आहे. पहिलं कारण कायद्याचं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतचा बोअर आणि २० जूलच्या आतली ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा देऊन पक्क्या बिलावर ती घेता येते. इथेच बरेच जण फसतात. ५.५ मिमीची एअर रायफल ‘जास्त दणका देते’ म्हणून पुढे केली जाते. ती परवान्यात येते, आणि १० मीटरच्या स्पर्धेत चालतही नाही.

दणक्याचा तसा काही उपयोगही नाही. ऑलिंपिकला वापरतात त्या मॅच रायफलीचा छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो. अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याची ही ऊर्जा जेमतेम साडेसात जूल भरते. वेग वाढला की स्प्रिंग जड होते, झटका वाढतो आणि छर्रा नळीबाहेर पडायच्या आत रायफल हलते.

आता टार्गेटचं कार्ड नीट पाहा. १० मीटरच्या कार्डावरचा काळा गोल ३०.५ मिमीचा असतो आणि मधला दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छर्ऱ्याच्या भोकाची कड त्या ठिपक्याला लागली की दहा. म्हणजे भोकाचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आत हवा. यातून रायफल पारखायचं सोपं माप मिळतं: पाच छर्ऱ्यांचा पुंजका बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ९.५ मिमीच्या गोलात बसला, तर ती रायफल सगळे दहा मारू शकते. घेण्याआधी दुकानात किंवा रेंजवर वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच-पाचचे तीन पुंजके मारा आणि पट्टीने मोजा. पुंजका डावीकडे किंवा खाली गेला तरी घाबरू नका, तो साइटने, म्हणजे नळीवरच्या नेम धरायच्या साधनाने, सरकवता येतो. पसरलेला पुंजका मात्र साइटने आवळत नाही.

स्प्रिंगची की भरलेल्या हवेची? देशी बनावटीची, नळी बिजागरीवर खाली वाकवून (‘मोडून’) भरायची स्प्रिंग रायफल दहा-पंधरा हजारांच्या आसपास मिळते. ओपन साइटवर नेम धरायला, श्वास आवरायला आणि ट्रिगर हळू दाबायला ती पुरेशी आहे. तिची खोड ही की पिस्टन पुढे धावताना रायफल आधी मागे आणि मग पुढे हिसकते. ती घट्ट आवळून धरली तर दर वेळी वेगळीच हिसकते. डावा हात रोज एकाच जागी आणि सैल ठेवा. नळी मोडलेली असताना ट्रिगरला बोट लावू नका, आणि छर्रा न घालता मारू नका. हवेची उशी मिळत नाही, पिस्टन आपटतो, सील फाटतो. पिस्टनच्या नळकांड्यात मशीनचं तेलही सोडू नका. दाबाने ते पेटतं, ठो आवाज येतो, धूर निघतो आणि नेम भलतीकडेच जातो.

स्पर्धेचं ठरलं असेल तर पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबून भरलेल्या हवेवरची रायफल. हिला झटका जवळपास नसतोच. देशी मॅच रायफलींसाठी लाखाच्या आसपास तयारी ठेवा. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ यांसारख्या जर्मन रायफलींचं गणित त्याच्या कितीतरी पट आहे. मधला मार्ग म्हणजे जुनी जर्मन रायफल. ती घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. या सिलिंडरांचं आयुष्य साधारणपणे १० वर्षं धरतात. मुदत संपलेला असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबाचा काटा पाहा. उतरला असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा; बुडबुडे येतील तिथली ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, गेलेली असते. ती स्वस्तात बदलते. दर फेरीला हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर बिघडलेला असेल तर मात्र पुंजका वर-खाली लांबतो, आणि ती दुरुस्ती इथे लगेच होईल असं धरू नका.

हवा भरण्याबाबत एक गोष्ट कळकळीने सांगतो. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे भरलेलं सिलिंडर दिसतं म्हणून त्यावरून रायफल भरायचा विचारही करू नका. ते बहुधा ऑक्सिजनचं असतं. तेल-ग्रीसशी दाबाखाली गाठ पडली की स्फोट होतो. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर तर लागणाऱ्या दाबाच्या जवळही जात नाही. कोरडी श्वसनाची हवा भरलेलं स्कुबा (पाणबुड्यांचं) सिलिंडर किंवा पीसीपीसाठीचा जास्त दाबाचा हातपंप, हेच मार्ग धरा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने घेतलेली मजबुतीची चाचणी, चालू मुदतीतली हवी, आणि भरताना सावकाश भरा.

उन्हाळा इथे वेगळा विषय आहे. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब २२० च्या पुढे जातो. रायफल गाडीत सोडून जाऊ नका, आणि उन्हाळ्यात १८० पर्यंतच भरा.

पैशांपेक्षा जास्त चुका मापात होतात. दस्त्याचं, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागाचं, मागचं टोक कोपराच्या खोबणीत लावा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर पोचलं पाहिजे. दस्ता लांब असेल तर मान पुढे ताणावी लागते आणि डोळा साइटमागे रोज वेगळ्या जागी येतो. नियमात वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण बारा-तेरा वर्षांच्या पोराला ते कंबर वाकवून धरावं लागतं. त्याच्यासाठी साडेतीन-चार किलोची ज्युनिअर रायफल बघा. कोणता डोळा प्रबळ आहे तेही आधी तपासा: दोन्ही हातांच्या पंजांमध्ये छोटं भोक करून दूरची वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू भोकातच राहते, तो तुमचा.

छर्रे चपट्या तोंडाचे घ्या, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचे. कार्डात त्यांचं भोक गोल आणि स्वच्छ पडतं. टोकदार छर्रे कागद फाडतात. डोक्याचं माप ४.४९, ४.५०, ४.५१ असं डबीवर लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादंच आवडतं. तीन मापांची एकेक डबी आणून पुंजके मोजा, मग एकच धरा. आठवड्याला तीन वेळा ८० छर्रे मारले, तर ५०० ची डबी दोन आठवडे जाते. महिन्याला दोन डब्या, हा खर्च आधीच बाजूला काढा. त्यासाठी रायफल एक पायरी खालची घेतली तरी चालेल.

घरी सराव करायचा तर १० मीटर मोकळे हवेत, आणि कार्डाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. मागे पक्की वीट-भिंत, तिच्यापुढे तिरका लोखंडी पत्रा बसवलेली पेटी. पेटीमागे जुनी सोलापुरी चादर चार पदरी करून मोकळी टांगा, निसटलेल्या छर्ऱ्याचे तुकडे त्यात अडतात. ती भिंतीची जागा मात्र घेत नाही. मागून कोणी येऊ शकेल अशा गच्चीवर किंवा बोळात मारू नका. डोळ्यांवर चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सराव झाला की हात साबणाने धुऊनच भाकरीला हात लावा.

.२२ ची ओढ स्वाभाविक आहे. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच बोअरवर, ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये. पण गुडघ्यावर, आडवं आणि उभं असे वीस-वीस फेर मारायला रायफल, परवाना, काडतुसं आणि ५० मीटरची रेंज असं सगळंच लागतं. आधी पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाऊन, क्लबच्या देखरेखीखाली क्लबच्या रायफलीवर ती मारता येते का, हे विचारा. जिल्ह्यातल्या संघटनेची माहिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळू शकेल. परवान्याचा अर्ज सोलापूर शहरात राहणाऱ्यांनी पोलीस आयुक्तालयात आणि तालुक्यांतल्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. परवाना हातात येईपर्यंत .२२ साठी कोणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.